चपलेच्या शीटचे चिलखत: कोल्हापुरात मिळणाऱ्या ईव्हीए फोमचा अनुभव

माझ्या धाकट्या मुलाने 'हेलो' या व्हिडिओ गेममधल्या मास्टर चीफचे चिलखत घालून मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि गेमच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जायचे ठरवले आणि घरात शिवणकाम करणारी मी, म्हणून ते घडवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामात आम्ही तीन प्रकारचा ईव्हीए फोम वापरला. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकींत अडकणाऱ्या चटया, 'कॉस्प्ले फोम' (कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करणे) म्हणून ऑनलाइन मागवलेल्या शीट आणि सुभाषनगर भागात चप्पल-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या एका दुकानातली साधी सोलची शीट. हे परीक्षण या तिसऱ्या मालाचे आहे, कारण आज मुलाच्या खोलीत उभे असलेले चिलखत जवळजवळ सगळे त्याच शीटमधून कापलेले आहे. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चपला घडतात त्या गावात या कामासाठी परगावाहून पार्सल मागवण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र शीट हातात घेऊन, पारखून घेता आली पाहिजे.

राजारामपुरीत मी वीस वर्षे ब्लाउज आणि ड्रेस शिवते, आणि शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत ड्रेपरीवाल्यांची कामेही घेते. त्यामुळे मावळ्यांची आणि सरदारांची चिलखते माझ्या हाताखालून पुष्कळ गेली आहेत. ती पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवून किंवा जाड कापडाला चकचकीत लेस लावून केलेली असतात. लांबून शोभतात, पण मुलाने हात वर केला की पुठ्ठा दुमडतो आणि ती घडी पुन्हा जात नाही. फोमचे मोल मला कळले ते याच ठिकाणी. ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, हा रबरासारखा लवचिक पदार्थ असून त्याच्या फोममध्ये हवेचे बारीक बंद कप्पे असतात. तो दाबला तर परत वर येतो, तापवून वाकवला तर निवल्यावर त्याच आकारात राहतो, पाणी पीत नाही आणि वजनाला अगदी हलका असतो.

मास्टर चीफविषयी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. 'हेलो'चा पहिला खेळ २००१ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्रासोबत आला; तो बंजी या अमेरिकन कंपनीने तयार केला होता. त्याचा नायक जॉन-११७ हा हिरव्या चिलखतातला सैनिक असून त्याचा चेहरा सोनेरी काचेमागे झाकलेला असतो. चिलखताचे नाव म्योल्निर, म्हणजे नॉर्स पुराणातल्या थॉरचा हातोडा. कथेप्रमाणे ते अर्ध्या टनाच्या घरात भरते आणि ते घातलेला नायक सात फुटांहून उंच दिसतो. माझा मुलगा पाच फूट सात इंच. आमचे चिलखत शिरस्त्राणासह साडेतीन किलोच्या आत बसले.

चटयांविषयी लवकर सांगून पुढे जाते. त्या स्वस्त असतात, कुठेही मिळतात आणि हात बसवण्यासाठी चांगल्या आहेत. आमची पहिली दोन मनगटे त्यांचीच होती. परंतु त्यांचा फोम मऊ आणि भरड असतो, कापलेल्या कडेला छिद्रे डोळ्यांना दिसतात, आणि एका बाजूला नक्षी असल्यामुळे ती बाजू कायम आत ठेवावी लागते. रंग दिल्यावर ती छिद्रे झाकली जाण्याऐवजी अधिकच उठून दिसू लागली, तेव्हा ती मनगटे आम्ही सरावाच्या ढिगात टाकली. ऑनलाइन मागवलेल्या शीटचा पोत मात्र उत्तम होता, हे मान्य केलेच पाहिजे. अडचण अशी की पार्सल घट्ट गुंडाळून, वर दोरी आवळून आले. दोरीचे वळ शीटवर खोल उमटले होते. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, शेकल्यावर ते बरेचसे गेले, पण छातीच्या मोठ्या सपाट भागावर दोन वळ अखेरपर्यंत राहिले. विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला. त्यानंतर मी गावातच शोधायचे ठरवले.

सुभाषनगर आणि जवाहरनगर हे चर्मकार कारागिरांचे भाग. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या भागांची नावे बरीच चर्चेत आली होती. अस्सल कोल्हापुरी चपलेत चामड्याशिवाय काही नसते. परंतु याच गल्ल्यांत स्लीपर, सँडल आणि बुटांची दुरुस्तीही चालते, आणि त्या कामासाठी लागणारी ईव्हीएची शीट, चिकटवायचे सोल्यूशन, इलॅस्टिक, बकल, वेल्क्रो असा सगळा माल एकाच दुकानात मिळतो. चिलखतालाही नेमके हेच लागते. मी गेले त्या दुकानात शीट भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या होत्या, एकही गुंडाळलेली नव्हती. मी अंगावर घालायच्या कामासाठी हवी म्हटल्यावर मालक थोडा वेळ पाहतच राहिले. "वहिनी, हे पायाखाली घालायचं, अंगावर न्हवं," असे ते म्हणाले खरे, पण मोबाइलवर मास्टर चीफचे चित्र दाखवल्यावर त्यांनी स्वतःच मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन प्रतींचे तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले.

या तीन प्रतींतला फरक हाच खरेदीचा गाभा आहे. मऊ प्रतीवर अंगठ्याचे नख दाबले तर खूण तशीच राहते. असे चिलखत गर्दीत दोन धक्के खाल्ल्यावर डागाळलेले दिसते. कडक प्रत खऱ्या सोलची असते. तिच्यावर खूण उमटत नाही, पण ती कटरला दाद देत नाही आणि तापवून वाकवली तरी पुन्हा सरळ होऊ पाहते, त्यामुळे जोडांवर सतत ताण राहतो. मध्यम प्रतीवर नखाची खूण उमटते आणि पाच-दहा सेकंदांत हळूहळू भरून येते. ती खूण भरून येताना पाहायची, हीच माझी आता एकमेव कसोटी आहे. यासोबत कापलेली कड उजेडात धरून पाहावी. चांगल्या शीटची कड खव्यासारखी घट्ट आणि एकसारखी दिसते. हलक्या शीटची पावाच्या कापासारखी. मी १० मिमी, ५ मिमी आणि २ मिमी अशा तीन जाडीच्या शीट घेतल्या. १० मिमी छाती, मांड्या आणि खांद्यांसाठी. ५ मिमी शिरस्त्राण आणि मनगटांसाठी. २ मिमी वरच्या बारीक पट्ट्यांसाठी. सगळ्या काळ्या रंगाच्या घेतल्या, कारण रंग कुठे खरवडला तर आतून काळे दिसलेले खपते, पांढरे दिसलेले खपत नाही.

या मालातला एक दोष मला फार महाग पडला, तोही सांगणे भाग आहे. ईव्हीएचा जाड ठोकळा आधी तयार होतो आणि मग तो यंत्रावर पापुद्र्यासारखा चिरून शीट काढतात. चिरताना पाते किंचित तिरके गेले तर शीट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ निघते. चपलेच्या कामात अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सोलच्या थरांत जिरून जातो, म्हणून कारागीर त्याची फिकीर करत नाहीत. चिलखतात मात्र दोन कडा समोरासमोर येतात आणि बोटाला पायरी लागते. आमची ५ मिमीची एक शीट दुसऱ्या टोकाला जेमतेम ४ मिमी होती, आणि हे माझ्या लक्षात आले ते शिरस्त्राणाचे दोन गाल जोडताना. डाव्या गालावर ती पायरी रंगाखालीही दिसते. तेव्हापासून मी दुकानातच शीटची चारही टोके मोजपट्टीने मोजून घेते. मालक त्याला हरकत घेत नाहीत, आणि एकदा तर त्यांनी स्वतःच आतून दुसरी शीट काढून दिली.

नमुन्यासाठी मुलाने इंटरनेटवरून चिलखताचा त्रिमितीय आराखडा घेतला आणि पेपाकुरा नावाच्या जपानी सॉफ्टवेअरमध्ये तो उलगडून सपाट केला. मुळात कागदाच्या प्रतिकृतींसाठी केलेले हे सॉफ्टवेअर फोमच्या कामातही फार वापरले जाते. साठाहून अधिक पाने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली आणि पहिल्या खेपेला ती सगळी वाया गेली, कारण छापताना पान कागदात बसवण्याचा पर्याय चालू राहिला होता आणि प्रत्येक तुकडा थोडा थोडा आखडला होता. छपाई शंभर टक्के मापावरच झाली पाहिजे. पहिले पान हातात आल्यावर त्यावरची एखादी ज्ञात लांबी पट्टीने मोजावी आणि मगच बाकीची पाने छापण्यास सांगावे.

त्यापुढची चूक मात्र माझ्या स्वतःच्या धंद्यातली होती. कापड कापताना आम्ही शिलाईसाठी माया सोडतो. फोमला माया लागत नाही, कारण कडा एकमेकींवर न चढता एकमेकींना भिडतात. म्हणून मी मांडीचा घेर टेपने मोजला, तेवढीच पट्टी १० मिमीच्या शीटमधून कापली आणि ती नळी मुलाच्या मांडीवर चढेना. कापडाला जाडी नसते असे आम्ही धरून चालतो. फोमला ती असते. १० मिमी जाडीची नळी केली तर बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा सुमारे ६३ मिलिमीटरने मोठा होतो. सपाट पट्टी वळवली की तिचा मधला थर मूळ मापाचा राहतो, बाहेरचा ताणला जातो आणि आतला आखडतो. म्हणजे आत सरळ तीन सेंटिमीटरहून जास्त जागा कमी होते. वीस वर्षे टेप हाताळल्यावर हा हिशेब मला मांडीच्या नळीने शिकवला. आता मी जाडीला तीन पूर्णांक चौदा शतांशाने गुणते, येणारा आकडा अंगाच्या मापात मिळवते आणि वर हालचालीसाठी दोन बोटे ढिलाई ठेवते.

खांद्याच्या तुकड्यांवर मात्र शिवणकामाने माझी लाज राखली. मास्टर चीफचा खांदा घुमटासारखा फुगीर असतो आणि सपाट शीटला एकाच वेळी दोन दिशांनी वळवणे सोपे नसते. नेटवरच्या बहुतेक सूचनांत तो भाग पाच-सहा तुकड्यांत करायला सांगतात. मी तो कटोरी ब्लाउजच्या कटोरीसारखा कापला: दोन तुकडे, मधून वळणदार जोड, आणि खालच्या कडेला एक टक. टकाच्या दोन्ही कडा कटर थोडा तिरका धरून कापल्या, म्हणजे मिटल्यावर आत फोमचा फुगवटा राहत नाही. मग हीट गनने शेकले. शीट पुरेशी तापली की तिच्यावरचा मळकट मुलामा जाऊन हलकी चकाकी येते. त्या क्षणी गन बाजूला करायची आणि तुकडा मी तांब्याच्या कळशीवर दाबून धरायची. निवायला मिनिटभर लागते. निवल्यावर हात काढला आणि खांदा तसाच फुगीर राहिला, तेव्हा मुलाने मला हाक मारण्याऐवजी नुसता माझा हात धरला. गन एका जागी जास्त वेळ धरली तर मात्र शीट करपते आणि वास येतो. तो धूर घेऊ नये, खिडकी उघडी असावी.

हीच चकाकी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. शेकल्यावर वरची छिद्रे मिटतात आणि रंग कमी लागतो. शेकून मग कापावे की कापून मग शेकावे, याविषयी मतभेद आहेत. आधी कापावे असे माझे मत आहे, कारण मूळ मऊ पृष्ठभागावर पेनची रेघ चांगली उठते. कटरचे पाते मात्र दर थोड्या वेळाने मोडून नवे टोक काढावे. बोथट पाते फोम कापत नाही, ओरबाडते.

आता सोल्यूशनविषयी, कारण चिलखत टिकते की उसवते ते इथे ठरते. आम्ही दुकानदाराने दिलेले चपलेचेच रबरी सोल्यूशन वापरले. हे साध्या फेव्हिकॉलसारखे लावून लगेच दाबायचे नसते. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, वाट पाहायची आणि मगच कडा भिडवायच्या. एकदा भिडल्या की सरकवता येत नाहीत. किती वाट पाहायची हे मला डब्यावरच्या सूचनेने कळले नाही. ते दुकानाशेजारी बसणाऱ्या एका वयस्कर कारागिराने दाखवले. मामांनी दोन तुकड्यांना थर दिला, मांडीवर ठेवले, दुसऱ्या चपलेचा अंगठा शिवून पूर्ण केला आणि मग बोटाची मागची बाजू थरावर टेकवून म्हणाले, "बोटाला चिकटाय नगं, पर वढ लागाय पायजे." तसे झाल्यावर त्यांनी तुकडे मध्यापासून कडेकडे दाबत नेले आणि वर लाकडी दांड्याने ठोकले. तो जोड मी घरी येऊन दोन्ही हातांनी ओढून पाहिला. जोड तसाच राहिला, फोम मात्र शेजारी फाटला.

तरीही आमच्या कोपरांचे जोड सुटले, आणि त्याचे कारण पाऊस. आम्ही काम श्रावणात काढले. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत सोल्यूशनमधला द्रव उडून जाताना थराचा पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर हवेतली ओल धरते; डोळ्यांना ती पांढुरक्या झाकेसारखी दिसते. अशा थरावर जोड बसल्यासारखा वाटतो, पण दोन दिवसांनी नखाने उचकटता येतो. त्यानंतर मी थर दिलेले तुकडे शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या दिव्याखाली हातभर अंतरावर ठेवू लागले आणि तक्रार संपली. ज्वाला किंवा शेगडी मात्र जवळ नसावी. या सोल्यूशनची वाफ पेट घेते. ती वाफ डोके जड करते, म्हणून गच्चीच्या दारात बसून, रसायनांच्या वाफेसाठीचा काडतूसवाला मास्क लावूनच हे काम करावे. कापडी मास्कचा येथे उपयोग नाही. पॉलिश पेपरने कडा घासताना उडणाऱ्या चुऱ्यासाठी एन९५ पुरतो.

रंगकामात आम्हाला गावाचा फायदा झाला. पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळवून, आणि त्यावर ॲक्रिलिकचा हिरवा. गणेशोत्सव संपल्यावर बापट कॅम्पमधल्या एका मूर्तिकाराची स्प्रे गन रिकामी होती. त्यांनी एका दुपारी सगळे तुकडे एकसारखे मारून दिले आणि छातीवरचा ११७ हा आकडा हाताने काढला. मग काळा आणि तपकिरी रंग पाण्यात पातळ करून खाचांत सोडला, वरून फडक्याने पुसला आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवला. झिजलेल्या धातूचा भास या शेवटच्या टप्प्यातच येतो. सोनेरी काच म्हणून दुचाकीच्या हेल्मेटची आरशासारखी व्हायझर कापून बसवली. ती दिसायला फार सुंदर आहे, पण आतून बाहेरचे अंधूक दिसते आणि श्वासाने वाफ धरते. शिरस्त्राणाच्या हनुवटीखाली संगणकाचा छोटा पंखा बसवल्यावर ते सुसह्य झाले.

मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो. सगळे तुकडे एकात एक ठेवून दोन मोठ्या पिशव्यांत बसले आणि बर्थखाली गेले. पुठ्ठ्याच्या चिलखताबाबत हे शक्यच नव्हते. मुलाने ते सहा तास अंगावर ठेवले. बसण्यासाठी मांड्यांचे तुकडे सोडावे लागत होते, आणि पट्ट्यांसाठी मी बकलऐवजी रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रो वापरले असल्यामुळे तो ते स्वतः सोडू आणि लावू शकला. घामाने आतून ओल आली, पण फोमने ती शोषली नाही, फडक्याने पुसून निघाली. गर्दीत कोणीतरी खांद्यावर जोरात आपटले. घरी येईपर्यंत तो खळगा भरून आला होता, रंगाला मात्र तिथे केसासारख्या चिरा पडल्या.

खर्च विचाराल तर व्हायझर, सोल्यूशन आणि रंग धरून आम्हाला साडेचार हजारांच्या आसपास लागले, त्यात वाया गेलेल्या तुकड्यांचाही समावेश आहे. फोमचा स्वतंत्र हिशेब केला तर चपलेच्या मालाच्या दुकानातली शीट आम्हाला ऑनलाइन शीटच्या निम्म्याहून कमी किमतीत पडली. त्या दुकानाची एक गैरसोय म्हणजे ते अर्धी शीट कापून देत नाहीत आणि २ मिमीचा माल नेहमी नसतो. मला दोनदा परत यावे लागले. पण नमुन्याचे तुकडे घरी नेऊन तापवून पाहू देतात, आणि सोल्यूशन मोठ्या डब्यातून लहान डब्यात काढूनही देतात, ही सोय मोठी आहे.

आतापर्यंत चिलखत पाच वेळा घालून झाले आहे. डाव्या कोपराचा एक जोड मी पुन्हा चिकटवला, उजव्या बुटाच्या टाचेला नवा तुकडा लावला. बाकी सारे मूळचे आहे. उन्हाळ्यात ते माळ्यावर, पत्र्याखाली ठेवले होते, तेव्हा एका मांडीची नळी स्वतःच्या वजनाने बसकी झाली. ती पुन्हा शेकून कळशीवर वळवली आणि आता सगळे तुकडे खोलीत शिवणाच्या पुतळ्यावर चढवून ठेवले आहेत. मुलाच्या मैत्रिणीला पुढच्या वर्षी असेच चिलखत हवे आहे. पाऊस उघडला की तिला घेऊन मी त्याच दुकानात जाणार आहे, मोजपट्टी पिशवीत ठेवून.